कडोदऱ्याची गच्ची, खोडदची जाळी

मुंबई-अहमदाबाद महामार्गाला सुरत-बारडोली रस्ता जिथे छेदतो, ती कडोदरा चोकडी. सुरतच्या कापडधंद्याची ही बाहेरची वेस. डाइंग-प्रिंटिंग मिलांची धुराडी, यंत्रमागांच्या शेड, ट्रकांच्या रांगा आणि त्यांच्या मागे कामगारांच्या खोल्या. ओडिया, भोजपुरी, हिंदीच्या जोडीने इथे अहिराणीही कानावर पडते. बारडोली, व्यारा, नवापूर करत हाच रस्ता पुढे धुळ्याला जातो आणि उधना-जळगाव रेल्वे शेजारच्या चलथाणवरून जाते. खानदेशातला माणूस पोटासाठी निघाला की या वाटेने निघतो.

यातल्या कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर चढावं आणि आजूबाजूला पाहावं. डीटीएचच्या छत्र्या ओळीने उभ्या असतात आणि सगळ्यांची तोंडं दक्षिण आणि पूर्वेच्या मधे असतात. एखाद्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची जुनी अँटेना अजून खांबाला धरून असते, तिची चपटी वायर कधीच तुटलेली. आणि घरांच्या वर मोबाइलचा टॉवर, त्याला तीन दिशांना लावलेले उभे पांढरे पत्रे. माणसाच्या हाताने घडवलेली ही तीन उत्तरं एकाच प्रश्नाची आहेत: हवेतून चाललेली रेडिओलहर एका ठरावीक दिशेकडूनच पकडायची किंवा एका ठरावीक दिशेलाच सोडायची, तर काय काय गमवावं लागतं?

गमवावं लागतंच, कारण अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. अँटेनाचा 'गेन' दहापट आहे असं म्हणतात, तेव्हा तिने काही वाढवलेलं नसतं. पाटाचं पाणी एका वाफ्याकडे वळवलं की बाकीचे वाफे कोरडे राहतात, तसं तिने बाकीच्या दिशा कोरड्या ठेवून एका दिशेला सगळं लावलेलं असतं. म्हणून गेन वाढला की झोत अरुंद होतो, झोत अरुंद झाला की नेम अचूक लागतो, आणि नेम अचूक हवा तर खांब, पाया, वारा या सगळ्यांचा हिशेब सुरू होतो. भौतिकशास्त्राची ही अट कोणालाही सुटलेली नाही. अँटेनाची रचना करणाऱ्याचं खरं काम काय सोडून द्यायचं ते ठरवण्याचं असतं. आणि मला नेहमी वाटत आलं आहे की हे ठरवण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या रूपाने उभं आहे. तिकडे जायचंच आहे. पण वाट या गच्चीवरून जाते.

नळ्यांची ती जुनी अँटेना म्हणजे यागी-उदा. जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ती शोधली. तिची खुबी अशी की वायर फक्त एकाच नळीला जोडलेली असते. तिच्या मागची नळी किंचित लांब, पुढच्या नळ्या किंचित आखूड. या बाकीच्या नळ्यांना वीज कोणी देत नाही. आलेल्या लहरीनेच त्यांच्यात प्रवाह खेळतो आणि त्या लहर पुन्हा बाहेर टाकतात. लांबीतल्या त्या बारीक फरकामुळे मागे जाणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि पुढच्या एकमेकींना बळ देतात. चार नळ्या आणि एक दांडा एवढ्यावर दिशा साधते. इतक्या स्वस्तात इतकं काम करणारं दुसरं यंत्र रेडिओच्या इतिहासात क्वचितच झालं असेल.

तिचे गुण मात्र एकमेकांचे पाय ओढतात. गेन वाढवायचा तर पुढे आणखी नळ्या लावा आणि दांडा लांबवा. पण दांडा दुप्पट केला तरी गेन दुपटीला पोचत नाही, आणि वाऱ्यात हलणारं वजन वाढतं. नळ्यांची लांबी-अंतरं जास्तीत जास्त गेनसाठी जुळवली तर मागून येणारा नको तो सिग्नल पुरता अडत नाही. पाठ बंद करायला गेलं तर समोरचा गेन थोडा उतरतो. दोन्ही नेमके जुळवले, तर ती अँटेना एका अरुंद पट्ट्यापुरतीच चांगली राहते. ६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या चॅनेलला अडीच मीटरची नळी लागते, २०० मेगाहर्ट्झला पाऊण मीटरची. एकच यागी दोन्हीकडे सारखी चालत नाही. कावळा बसून अँटेना थोडी फिरली आणि पडद्यावर मुंग्या आल्या, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी अरुंद झोताची किंमत आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे.

छत्रीने हा सौदा वेगळ्या ठिकाणी केला. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची. तरंगलांबी इतकी आखूड असल्यामुळे ६० सेंटिमीटरच्या ताटलीलाही साडेतीन हजार पटींच्या घरात गेन मिळतो. पण झोत उरतो सुमारे तीन अंशांचा. म्हणून छत्री लावणारा पोरगा नट आवळताना श्वास रोखून मीटरकडे पाहतो. ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह कडोदऱ्याच्या आकाशात क्षितिजापासून सुमारे ६२ अंश उंचीवर असतो. छत्री मात्र त्याच्या बरीच खाली पाहत असल्यासारखी दिसते. तिचा पत्रा हा मोठ्या पॅराबोलाचा, म्हणजे शाळेत शिकलेल्या अन्वस्ताचा, मध्यापासून सरकवून कापलेला तुकडा असतो. त्यामुळे पुढचा एलएनबी, म्हणजे लहर टिपणारा डबा, झोताच्या आड येत नाही आणि पावसाचं पाणीही साचत नाही. बदल्यात नजरेचा अंदाज वीस-पंचवीस अंशांनी चुकतो. आणि आखूड लहरीची शिक्षा जुलैत मिळते: दक्षिण गुजरातची सर कोसळली की थेंब ती लहर पिऊन टाकतात आणि चित्र थिजतं. नव्वद सेंटिमीटरची छत्री लावली तर बराच पाऊस सोसेल. मग ती दोन अंशांच्या झोताने नेमायची, आणि वारा सव्वादोन पट झेलायचा.

टॉवरवरच्या पत्र्याला उपग्रहासारखा एकच बिंदू गाठायचा नसतो. त्याला एक वस्ती सांभाळायची असते. म्हणून तो आडवा रुंद, साधारण ६५ अंश, आणि उभा अगदी अरुंद, सातेक अंश, असा चपटा झोत टाकतो. तीन पत्र्यांत सगळीकडचा फेरा पुरा होतो. तो झोत किंचित खाली वाकवतात. टॉवर ४० मीटरचा आणि वाकवणं चार अंशांचं असेल, तर झोताचा मध्य जेमतेम पावणेसहाशे मीटरवर जमिनीला टेकतो. कमी वाकवला तर तो पुढच्या टॉवरच्या हद्दीत घुसतो आणि दोघांचाही घोळ करतो. जास्त वाकवला तर मधली घरं रेंजबाहेर पडतात. गंमत वाटेल, पण टॉवरच्या अगदी पायथ्याशी जे मिळतं ते मुख्य झोतातून येत नाही, कडेला सांडलेल्या छोट्या झोतांतून येतं. हे सांडणं पूर्णपणे थांबवता येत नाही. ते लक्षात ठेवा, कारण खोडदला त्याचाच त्रास आहे.

छत्रीच्या आधीची एक छत्री गुजरातच्या इतिहासात आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारतासाठी हलवून आणला होता, आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट आकाशातून शैक्षणिक दूरदर्शन उतरलं. हा 'साइट' प्रयोग. त्याचं तांत्रिक बळ अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचं होतं. खेड्यात लावायची अँटेना तिथे ठरली ती तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. जाळी चालली, कारण लहर ८६० मेगाहर्ट्झची, सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची होती, आणि लहरीपेक्षा भोकं पुष्कळ लहान असली की लहरीला ती भिंतच वाटते. खेड्यातली अँटेना इतकी साधी ठेवता आली, कारण अवघड भाग वर चढवला होता: उपग्रहावर ४८ फासळ्यांची, अवकाशात उलगडणारी नऊ मीटरची जाळीदार तबकडी होती. खर्च आणि कौशल्य एका जागी, सोपेपणा २४०० जागी. याला मी मोठी रचना म्हणतो.

त्याच सुमारास जाळीवर आणि तारेवर भरवसा ठेवणारा दुसरा माणूस दक्षिणेत काम करत होता. गोविंद स्वरूप. जन्म १९२९, उत्तर प्रदेशातलं ठाकुरद्वारा. स्टॅनफर्डमध्ये रॉन ब्रेसवेल यांच्याकडे डॉक्टरेट करून होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियातून भेट म्हणून आलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या त्यांनी १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला उभ्या केल्या आणि सूर्य पाहिला. कल्याणच्या लोकांना हे आज ठाऊकही नसेल, पण भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या सुरुवातीच्या दुर्बिणींपैकी एक त्यांच्या गावची.

मग ऊटी. तिथली दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद पन्हाळीसारखी, ती १९७० मध्ये सुरू झाली. एवढं लोखंड दोन अक्षांवर फिरवायचं म्हटलं तर देशाला परवडलं नसतं. स्वरूप यांनी डोंगर शोधला. ऊटीचा अक्षांश सुमारे ११ अंश, म्हणून उत्तर-दक्षिण ११ अंश उताराची टेकडी पाहून दुर्बीण तिच्यावर आडवी केली. तिचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षावर वळवून तारा साडेनऊ तास धरता येऊ लागला. परावर्तक पत्रा नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या अकराशे समांतर तारा. यात काय सोडलं? दोन तरंगलांब्यांवर पाहण्याची मुभा सोडली. तारा एकाच दिशेने ओढलेल्या, त्यामुळे एकाच ध्रुवणाची लहर मिळते. फोकसपाशी एका बिंदूवर काम भागत नाही, ५३० मीटरच्या रेषेवर शेकडो द्विध्रुव लागतात, आणि ते ३२७ मेगाहर्ट्झला जुळवले की तिथेच बांधले गेले.

म्हणूनच १९८० च्या दशकात खोडदची नवी महादुर्बीण मनात आली तेव्हा पहिला आराखडा ऊटीसारख्याच दंडगोलांचा होता, आणि तो बाजूला ठेवला गेला. गोल तबकडीला फोकसपाशी एकच फीड, म्हणजे लहर टिपणारी छोटी अँटेना, लागतो. तिथे फिरती बुरुजवजा चौकट लावली, तिच्या चार बाजूंना चार वेगळे फीड बसवले, की चौकट फिरवून तरंगलांबी बदलता येते. तबकड्या किती आणि केवढ्या, हा पुढचा प्रश्न. पोलादी तबकडीच्या खर्चाचा जुना ठोकताळा असा की व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि खर्च सहापटीच्या वर जातो. तर मग छोट्या तबकड्या पुष्कळ लावाव्यात? प्रत्येकीला स्वतंत्र रिसीव्हर, स्वतंत्र केबल, आणि प्रत्येक जोडीचा सिग्नल एकमेकांशी ताडून पाहायचा. ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात, ६० केल्या तर १७७०. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते झेपणारं नव्हतं. ४५ मीटरच्या ३० तबकड्या हा आकडा या दोन भिंतींच्या मधून निघाला.

पण ४५ मीटर म्हणजे प्रत्येकी सुमारे १५९० चौरस मीटर. पत्र्याची एवढी तबकडी वादळात उभी केली, ताशी १३३ किलोमीटरच्या वाऱ्यासमोर, तर रेटा शंभर टनांच्या वर जातो. तो सोसायला जितकं पोलाद घालावं तितकं तिचं स्वतःचं वजन तिला वाकवायला लागतं. जगातल्या मोठ्या तबकड्या महाग होतात त्या याच फेऱ्यात. खोडदला हा फेरा तोडला. इथल्या तबकडीला मागून १६ वक्र पोलादी कमानी आहेत. त्यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलच्या वायर रोप ताणून बांधल्या आहेत, आणि त्या रोपांवर ०.५५ मिलिमीटर जाड तारेची जाळी. जवळ जाऊन पाहिलं तर कळतं की हा गुळगुळीत वक्र नाहीच. ताणलेल्या जाळीचे लहान लहान सपाट तुकडे एकमेकांना लागून वक्राचा भास करतात. जाळीही सगळीकडे एक नाही. मधल्या भागात भोकं १० मिलिमीटरची, त्याबाहेर १५ ची, आणि कडेला २० ची. मध्यात तारांनी जेमतेम दहा-अकरा टक्के जागा अडवलेली आहे, कडेला पाच-साडेपाच टक्के. बाकी सगळा वारा आरपार. जिथे वाऱ्याचा रेटा सर्वांत जास्त पिळणार, त्या कडेला जाळी सर्वांत विरळ आहे, आणि फीडची नजरही कडेला मुद्दाम मंद ठेवलेली असते, नाहीतर त्याला तबकडीपलीकडची तापलेली जमीन दिसते. त्यामुळे कडेला विरळ जाळी लावून जे जातं ते थोडंच जातं. हा विचार मला प्रत्येक वेळी नव्याने भावतो.

आता किंमत. तबकडीचा पृष्ठभाग आदर्श वक्रापासून साधारण एक सेंटिमीटरने इकडेतिकडे आहे. नियम असा की ही चूक तरंगलांबीच्या विसाव्या भागाच्या आत राहावी. एक सेंटिमीटरची वीसपट म्हणजे २० सेंटिमीटर. आणि विश्वातला हायड्रोजन जी लहर सोडतो ती २१ सेंटिमीटरची, १४२० मेगाहर्ट्झची. खोडदची जाळी नेमकी तिथवर जाते आणि थांबते. कमी वारंवारतेला ३० तबकड्या मिळून सुमारे ३०,००० चौरस मीटरचं परिणामी क्षेत्रफळ देतात, १४०० मेगाहर्ट्झला ते १८,००० च्या आसपास उतरतं. त्याहून आखूड लहरींचं सगळं आकाश स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या मनाने दुसऱ्यांना सोडून दिलं. दूरच्या हायड्रोजनची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणून लांब होते, ती त्यांना हवी होती, आणि लांब लहरींना जाळी पुरते. यांत्रिक रचना टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सने केली, तबकडी वळवणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली.

तबकड्या कुठे उभ्या करायच्या यातही तीच ओढाताण आहे. दोन तबकड्या जितक्या दूर, तितका तपशील बारीक. पण सगळ्याच दूर ठेवल्या तर आकाशात पसरलेला विरळ वायू निसटतो. म्हणून १४ तबकड्या खोडदजवळ एक किलोमीटरच्या चौकात, आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, टोमॅटो-कांद्याच्या शेतांमधून २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव जवळ आलं की अधूनमधून एखादी दिसते. शेतकरी तिच्या सावलीत काम करत असतो.

खोडद निवडलं ते जुन्नरच्या डोंगरांनी घेरलेला तो भाग रेडिओच्या दृष्टीने शांत होता म्हणून. आज ती शांतता दर वर्षी विरत चालली आहे. तबकडी कुठेही तोंड करून असो, तिच्या कडेच्या सांडलेल्या झोतांतून जमिनीवरचा गोंगाट आत येतोच: मोबाइल, उच्चदाब वाहिन्यांवरच्या ठिणग्या, उपग्रह. २०१० च्या दशकात दुर्बिणीचं नूतनीकरण झालं. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहणारी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झपर्यंत पाहू लागली आणि १२० ते १४५० मेगाहर्ट्झ जवळजवळ सलग तिच्या आवाक्यात आले. पट्टा रुंदावला की संवेदना वाढते, आणि दार मोठं झालं की नको तेही आत शिरतं. म्हणून गोंगाट तिथल्या तिथे ओळखून काढून टाकणारी गणनयंत्रणा बसवावी लागली. 'जवळजवळ सलग' म्हटलं, कारण ८५० ते १०५० मध्ये एक मोठी फट सोडली आहे. कडोदऱ्याच्या टॉवरवर आणि देशातल्या प्रत्येक चोकडीवर चालणारा ९०० मेगाहर्ट्झचा मोबाइल पट्टा त्याच फटीत बसतो. खानदेशातल्या आईला मुलाचा फोन लागतो त्या लहरी आकाशाकडून काढून घेतलेल्या आहेत. फोन लागायलाच हवा, हे मीही म्हणेन. पण त्यासाठी काय दिलं हे कोणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीत खोडदचा अडथळा आला तेव्हा अनेकांनी दुर्बिणीवरच राग काढला. मला तो राग अन्यायाचा वाटतो. रेल्वेचा मार्ग दुसरीकडून काढता येतो, ३० तबकड्या उचलून नेता येत नाहीत.

आणि त्या जाळीने काय पकडलं ते पाहा. जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी खोडदच्या नोंदींतून एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनची लहर जाहीर केली. ती निघाली तेव्हापासून ८८० कोटी वर्षं लोटली होती. १४२० ची ताणून ६२० मेगाहर्ट्झची झाली होती. मधल्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाने ती सुमारे ३० पट मोठी करून दिली म्हणून दिसली. त्याच वर्षी जूनमध्ये पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वलहरींच्या खुणा जाहीर झाल्या, त्यातही खोडदच्या नोंदी होत्या. गोविंद स्वरूप हे पाहायला नव्हते. ७ सप्टेंबर २०२० रोजी ते पुण्यात गेले.

आता जगात सौदा पुन्हा बदलतो आहे. 'एसकेए' या जागतिक रेडिओ दुर्बीण प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे दुर्बिणीच्या नियंत्रणप्रणालीचं काम आहे. त्याचा कमी वारंवारतेचा भाग पश्चिम ऑस्ट्रेलियात उभा राहतो आहे: दोन मीटर उंचीच्या १,३१,०७२ अँटेना, प्रत्येकीवर खालून वर आखूड होत गेलेल्या दांड्या. लॉग-पिरिऑडिक म्हणतात तिला. यागीशी तिचं नातं आहे, पण हिने गेन सोडून रुंद पट्टा घेतला आहे, ५० ते ३५० मेगाहर्ट्झ. या अँटेना हलत नाहीत. त्या एकदम जवळपास सगळं आकाश ऐकतात, आणि कुठे पाहायचं ते संगणक सिग्नलांना थोडं थोडं मागेपुढे करून ठरवतो. पोलादाचा खर्च गेला. त्याच्या जागी विदेचे डोंगर आणि संगणकांचं वीजबिल आलं. स्वरूप यांच्यासमोर १९८० च्या दशकात जी भिंत होती ती आता नाही, म्हणून उत्तर वेगळं निघालं. दक्षिण आफ्रिकेतल्या भागात १५ मीटरच्या घट्ट पत्र्याच्या तबकड्या आहेत, त्या ३५० मेगाहर्ट्झपासून १५ गिगाहर्ट्झपर्यंत जातात.

दोन्ही जागा दक्षिण गोलार्धात आहेत. उत्तरेकडचं मोठं आकाश त्यांच्या क्षितिजाखाली राहतं. खोडद १९ अंश उत्तरेला आहे आणि तिथून उत्तर ध्रुवापर्यंतचं सगळं आकाश, शिवाय दक्षिणेला ५३ अंशांपर्यंतचं, जाळीच्या टप्प्यात येतं. एसकेए पूर्ण झाल्यावरही लांब लहरींवर उत्तर आकाश पाहणाऱ्यांसाठी नारायणगावचा रस्ता महत्त्वाचा राहील.